साखळी बिघडली तर आलेखावर दिसायलाच हवं

प्रश्न थोडक्यात असा. बेळगाव जिल्ह्यातल्या तालुक्यांच्या ऊस उत्पादनाच्या नोंदींवर (एकरी टन) श्रेणीबद्ध बेझियन मॉडेल (प्रत्येक तालुक्याचा अंदाज बाकी तालुक्यांच्याही आधाराने काढणारं) बसवणारं एक छोटं पॅकेज तुम्ही आर या संगणकभाषेत लिहिलं आहे. साखळ्या (मॉडेलमधल्या अज्ञात चलांची संभाव्य मूल्यं एकामागून एक काढत जाणाऱ्या धावा; असं प्रत्येक मूल्य म्हणजे एक ड्रॉ) स्टॅन या सॅम्पलिंगच्या प्रोग्रामकडून चालवून घेता आणि शेवटी निकालाचा तक्ता छापता. अभिसरण झालं की नाही, म्हणजे सगळ्या साखळ्या एकाच उत्तरावर स्थिरावल्या की नाही, हे दाखवणारे आलेख मात्र पॅकेजमध्ये नाहीत. चिकोडी, रायबाग, अथणीच्या नोंदी भरपूर आहेत, खानापूरच्या मोजक्या. कोणते आलेख घालावेत, कोड कसा बांधावा, आणि तालुक्यांची नावं मराठी व कन्नड अशा दोन्ही लिपींत आलेखावर नीट कशी उमटवावीत, असं विचारलं आहे.

या आलेखांचं काम एकच आहे: काही बिघडलं असेल तर ते बघणाऱ्याच्या नजरेतून सुटू न देणं. चार साखळ्या छान चालल्या असताना कुठलाही आलेख छानच दिसतो. म्हणून प्रत्येक आलेख निवडताना आणि लिहिताना स्वतःला विचारायचं की साखळी अमुक प्रकारे बिघडली तर हा आलेख ते दाखवेल का. खालचं सगळं याच कसोटीवर लिहिलं आहे.

आधी आकडे, मग चित्र

आलेख काढणाऱ्या फंक्शनच्या पोटात आर-हॅट (साखळ्या एकमेकींशी किती जुळतात ते सांगणारा आकडा; १ च्या जवळ म्हणजे जुळतात) मोजत बसू नका. दोन थर वेगळे ठेवा. पहिला थर साखळ्या घेतो आणि साधा डेटा फ्रेम परत देतो: प्रत्येक चलासाठी आर-हॅट, बल्क ईएसएस, टेल ईएसएस (ईएसएस म्हणजे परस्परावलंबी ड्रॉ किती स्वतंत्र ड्रॉंच्या तोलाचे आहेत; बल्क वितरणाच्या मधल्या भागासाठी, टेल शेपट्यांसाठी), आणि साखळीगणिक सरासरी. दुसरा थर फक्त तो डेटा फ्रेम घेऊन रेषा आणि ठिपके काढतो. याचा फायदा चाचण्यांच्या वेळी कळतो. आकडा बरोबर आहे का हे एका ओळीत तपासता येतं. चित्र बरोबर आहे का हे तपासणं मात्र नेहमीच नाजूक, कारण जीजीप्लॉट२ या आलेखांच्या पॅकेजची आवृत्ती बदलली की जुनी नमुना-चित्रं जुळेनाशी होतात.

साठवणीसाठी त्रिमितीय अ‍ॅरे वापरा: इटरेशन (साखळीतली कितवी पायरी), साखळी, चल, याच क्रमाने. 'पोस्टेरियर' पॅकेजचा ड्रॉज-अ‍ॅरे नेमका असाच आहे, तोच घ्या. स्वतःचा नवा प्रकार काढण्यात काही मिळत नाही. शिवाय 'पोस्टेरियर'मधली आर-हॅट आणि ईएसएसची फंक्शन्स आयती मिळतात. जॅग्ज हा दुसरा सॅम्पलर वापरणारे लोक 'कोडा' (coda) या पॅकेजच्या स्वरूपात साखळ्या आणतात, तेव्हा तिथून आत घेणारं एक रूपांतर ठेवा.

इथेच सगळ्यांत घातक चूक होते. आर अ‍ॅरे भरताना स्तंभ आधी भरतो. ४ साखळ्यांचे प्रत्येकी १००० ड्रॉ एकाखाली एक रचलेले असतील, तर ४००० च्या रांगेची १००० × ४ अशी घडी घातल्यावर प्रत्येक स्तंभ एक साखळी होतो, ठीक. पण तीच रांग 'पहिल्या साखळीचा पहिला, दुसरीचा पहिला, तिसरीचा पहिला' अशी आलटून-पालटून आली असेल, तर पहिल्या स्तंभात चारही साखळ्यांची पहिली २५० इटरेशन्स जातात, दुसऱ्यात पुढची २५०. साखळ्या एकमेकींत कालवल्या जातात. मग एक साखळी कितीही भरकटलेली असो, ती चारही स्तंभांत सारखी वाटली जाते आणि आर-हॅट सुरेख १.०० येतो. एरर नाही, वॉर्निंग नाही. रूपांतराच्या कोडसाठी एक चाचणी हवीच: तिसऱ्या साखळीतल्या प्रत्येक ड्रॉमध्ये १०० मिळवा, घडी घाला, आणि तिसऱ्याच स्तंभाची सरासरी १०० ने वाढली का ते पाहा.

दुसरी चूक सीडची, म्हणजे यादृच्छिक आकड्यांच्या आरंभसंख्येची. साखळ्या समांतर चालवताना सगळ्या प्रक्रियांना एकच सीड गेला की चारही साखळ्या हुबेहूब सारख्या निघू शकतात. साखळ्यांमधला फरक शून्य, म्हणून आर-हॅट १ च्या किंचित खाली. साध्या सूत्राने १००० ड्रॉला तो √०.९९९, म्हणजे ०.९९९५ येतो. बघणाऱ्याला तो उत्तमच वाटणार. म्हणून आलेखाआधी साखळ्या जोडीजोडीने तंतोतंत सारख्या आहेत का हे तपासा आणि तसं असेल तर थांबा. स्वतःचा सॅम्पलर समांतर चालवत असाल, तर आरमधला ल'एक्युयेचा यादृच्छिक प्रवाह वापरा, म्हणजे प्रत्येक साखळीला वेगळा प्रवाह मिळतो.

आर-हॅट: कोणता, आणि उंबरठा किती

मूळ कल्पना गेलमन आणि रुबिन यांची, १९९२ मधली. साखळ्यांच्या आतलं सरासरी प्रसरण (व्हेरियन्स) आणि साखळ्यांच्या सरासऱ्यांमधलं प्रसरण यांची तुलना. हातानेच एकदा करून बघा. ४ साखळ्या, प्रत्येकी १००० ड्रॉ, आतलं प्रसरण ४ (म्हणजे प्रमाण विचलन २ टन), आणि साखळ्यांच्या सरासऱ्या १०.०, १०.२, ९.९ आणि १०.७. एकूण सरासरी १०.२. फरकांचे वर्ग ०.०४, ०, ०.०९, ०.२५, बेरीज ०.३८, तिला ३ ने भागलं की ०.१२७. आतल्या प्रसरणाला ९९९/१००० ने गुणून ३.९९६, त्यात ०.१२७ मिळवून ४.१२३. भागिले ४, आणि वर्गमूळ: १.०१५.

आता हे आकडे पुन्हा वाचा. चौथी साखळी तिसरीपेक्षा ०.८ टनांनी वर बसली आहे, एका प्रमाण विचलनाच्या ४० टक्के. जुन्या सवयीचा १.१ चा उंबरठा ठेवला तर हे मॉडेल निर्धास्त पुढे जातं. व्हेटारी, गेलमन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये सुचवलेला १.०१ चा उंबरठा ठेवला तर अडकतं. पॅकेजचा डिफॉल्ट १.०१ च असू द्या. 'बेझप्लॉट' या तयार पॅकेजचा आर-हॅटचा आलेख १.०५ आणि १.१ वर रंग बदलतो, त्यामुळे तो जसाच्या तसा उचलला तर तुमच्या तक्त्यात इशारा आणि आलेखात फिकट, निवांत ठिपका असा विसंवाद होतो. उंबरठा एकाच ठिकाणी ठरवा आणि दोन्हीकडे तोच जाऊ द्या.

२०२१ च्या आवृत्तीत तीन सुधारणा आहेत आणि तिन्ही लागतात. प्रत्येक साखळी मधून दुभंगायची, म्हणजे एकच साखळी हळूहळू सरकत असेल तर तिचे दोन अर्धे एकमेकांशी जुळत नाहीत आणि सरकणं पकडलं जातं. ड्रॉच्या जागी त्यांचे क्रमांक घेऊन ते सामान्य वितरणावर न्यायचे, म्हणजे कोशीसारख्या जाड शेपटीच्या वितरणातही आकड्याला अर्थ राहतो. आणि मध्यकापासूनच्या अंतरावर तेच सगळं पुन्हा करायचं, म्हणजे सरासरी एकच पण पसारा वेगळा अशा साखळ्या सापडतात. शेवटी दोन्हींतला मोठा आकडा घ्यायचा.

'कोडा' पॅकेजमधून आकडे घेत असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. तिथलं गेलमन निदान डिफॉल्टने पहिला अर्धा भाग टाकून देतं, मात्र साखळीची नोंदलेली सुरुवात शेवटाच्या निम्म्यापेक्षा आधी असेल तरच. तुम्ही वॉर्मअप (साखळी स्थिरावण्याआधीचे सुरुवातीचे ड्रॉ) आधीच काढून टाकला आणि सुरुवातीचा क्रमांक पुन्हा १ लिहिला, तर चांगले निम्मे ड्रॉ विनाकारण वाया जातात. दुसरं, ते डिफॉल्टने बहुचलीय आकडाही मोजतं; सहसंबंध मॅट्रिक्सच्या कर्णावरचे स्थिर १ त्यात गेले की गणित अडतं.

स्थिर चलांचा प्रश्न तुमच्याकडेही येईलच. कर्णावरचा १ सगळीकडे १ च असतो, त्याचा आर-हॅट 'एनए' (मूल्य नाही) हेच योग्य उत्तर. आलेखात त्याला राखाडी ठिपका किंवा तळाला एक टीप पुरे. पण एखादी साखळी ५ वर अडकली, दुसरी ७ वर, आणि दोन्ही हलतच नाहीत, तर आतलं प्रसरण शून्य आणि आर-हॅट अनंत. जीजीप्लॉट२ अनंत मूल्याचा ठिपका कडेला चिकटवतो किंवा अक्षाच्या मर्यादेबाहेर टाकून देतो. सगळ्यांत वाईट चल आलेखातून असा गायब होता कामा नये. अनंत मूल्यांना वेगळ्या खुणेने, वेगळ्या ओळीत, ठळक दाखवा. आणि गहाळ ड्रॉ गुपचूप वगळणारा पर्याय कुठेही वापरू नका. एका साखळीत मध्येच 'नॅन' (आकडाच नसलेलं मूल्य) आला तर ती बातमीच आहे.

कोणते आलेख

उघडल्यावर पहिला दिसणारा आलेख सारांशाचा असावा: प्रत्येक चलाचा एक ठिपका, आर-हॅट आडव्या अक्षावर, सगळ्यांत वाईट वर. मॉडेलमध्ये तालुका गुणिले वर्ष असे शंभरेक चल सहज होतात आणि सगळ्यांचे ट्रेस (इटरेशनगणिक मूल्य दाखवणारे रेषालेख) कोणी बघत नाही. म्हणून वरच्या ८-१० वाईट चलांचेच तपशीलवार आलेख डिफॉल्टने काढा. बाकीचे नाव सांगितल्यावर. वर्णक्रमाने पहिले ८ चल काढणं ही बऱ्याच पॅकेजेसची खोड आहे, आणि त्यामुळे अथणी आणि कागवाड दरवेळी दिसतात, हुक्केरी कधीच नाही.

ट्रेस प्लॉट सगळ्यांना ओळखीचा. केसाळ सुरवंटासारखा दिसला की ठीक, असं शिकवलं जातं. त्याच्या मर्यादा मात्र मोठ्या आहेत. सहा सेंटिमीटरच्या चौकटीत १००० इटरेशन्स कोंबल्यावर बारीक तपशील दिसतच नाही. चार रंग एकावर एक काढले की शेवटी काढलेली साखळी बाकीच्यांना झाकते, आणि झाकलेलीच बिघडलेली असू शकते. पारदर्शकता ठेवा, आणि साखळीगणिक वेगळ्या चौकटींचा पर्याय द्या. वॉर्मअप दाखवायचा तर मागे फिकट पट्टी घाला, पण उभ्या अक्षाची मर्यादा वॉर्मअपनंतरच्या ड्रॉवरून ठरवा. नाहीतर सुरुवातीचं एक भरकटलेलं मूल्य अक्ष एवढा ताणतं की पुढच्या साखळ्या एका सपाट रेषेत चिरडून जातात आणि त्यांच्यातला फरक दिसेनासा होतो. वॉर्मअपचे ड्रॉ आर-हॅटमध्ये अर्थातच घ्यायचे नाहीत.

मुख्य आलेख म्हणून रँक प्लॉट घ्या. चारही साखळ्यांचे ४००० ड्रॉ एकत्र करून त्यांना १ ते ४००० क्रमांक द्यायचे, मग प्रत्येक साखळीतल्या क्रमांकांचा वेगळा हिस्टोग्राम. २० खणांचा हिस्टोग्राम असेल तर साखळ्या एकसारख्या असताना प्रत्येक खणात सुमारे ५० ड्रॉ यायला हवेत. ५० वर एक तुटक रेषा काढा. ड्रॉ एकमेकांपासून स्वतंत्र असते तर साधारण ३८ ते ६२ एवढा चढउतार नैसर्गिक. साखळी वर सरकली असेल तर उजवे खण उंच होतात, पसारा जास्त असेल तर दोन्ही टोकं उंच आणि मधला भाग खाली, कुठे अडकून बसली असेल तर एकच खण डोंगरासारखा. ट्रेसमध्ये डोळे फोडून शोधावं लागतं ते इथे लगेच दिसतं. शिवाय ४००० बिंदूंऐवजी ८० पट्ट्या काढायच्या, फाइलही हलकी.

पण ३८ ते ६२ चा पट्टा आलेखावर छापायचा मोह झाला तर जपून. स्वयंसहसंबंध (लगतचे ड्रॉ एकमेकांशी बांधलेले असणं) असलेल्या साखळीत लगतचे ड्रॉ एकाच खणात पडतात, त्यामुळे निरोगी साखळीही पट्ट्याबाहेर जाते आणि लोक नको त्या गोष्टीला घाबरतात. पट्टा हवाच असेल तर आधी साखळी ईएसएसच्या प्रमाणात विरळ करा, मग क्रमांक द्या. एरवी विरळ करणं म्हणजे माहिती फेकून देणं; इथे मात्र ते बरोबर आहे. आणखी एक: चल पूर्णांकी असेल, उदाहरणार्थ बदलाचं वर्ष, तर एकाच मूल्याचे शेकडो ड्रॉ असतात. त्यांना सरासरी क्रमांक दिला की काही खण रिकामे आणि काही आकाशाला भिडलेले दिसतात. आलेखापुरते बरोबरीचे क्रमांक यादृच्छिक वाटा. आर-हॅट मोजताना सरासरीच ठेवा.

स्वयंसहसंबंधाचा आलेख छोटा आणि उपयोगी. त्याचा उभा अक्ष शून्यावर कापू नका. स्टॅनच्या साखळीत सहसंबंध विषम अंतरांवर ऋण येऊ शकतो आणि ईएसएस प्रत्यक्ष ड्रॉपेक्षा जास्तही भरतो. ती चूक नाही, सॅम्पलरचं कसब आहे. म्हणून ईएसएस भागिले ड्रॉ हे गुणोत्तर १ वर छाटू नका.

ईएसएसचा वाढीचा आलेख फार कमी पॅकेजेस देतात, तुम्ही द्या. पहिल्या १०० इटरेशन्सवर ईएसएस किती, २०० वर किती, असं पुढे जात बल्क आणि टेल अशा दोन रेषा काढायच्या. दोन्ही जवळपास सरळ चढायला हव्यात. टेलची रेषा चढता चढता आडवी झाली किंवा खाली आली, तर साखळी शेपटीत पुरेशी जात नाही किंवा एखाद्या कोपऱ्यात उशिरा पोहोचली आहे. उसाच्या नोंदींत लोकांना नेमकी शेपूट हवी असते (दुष्काळी वर्षात अथणीचं उत्पादन किती खाली जाईल), म्हणून टेल ईएसएस दुय्यम समजू नका. ४ साखळ्यांना किमान ४०० हा उंबरठा ठेवा. सरासरीच्या बाबतीत त्याचा अर्थ सोपा आहे: ४०० चं वर्गमूळ २०, म्हणजे मॉंटे कार्लो चूक (मोजकेच ड्रॉ घेतल्याने येणारी) प्रमाण विचलनाच्या विसाव्या हिश्शाएवढी. वरच्या उदाहरणात २ टनांना ०.१ टन. वापरणाऱ्याला दशांश स्थळापर्यंतचा आकडा छापायचा असेल तर ४०० पुरणार नाही, आणि हे मदत-पानावर स्पष्ट लिहा.

खानापूर, कागवाड आणि नरसाळं

तुमच्या मॉडेलमध्ये खरा त्रास इथे होणार. तालुक्यांचे परिणाम एका समान वितरणातून येतात आणि त्या वितरणाचा पसारा टाऊ. ज्या तालुक्याच्या नोंदी थोड्या, त्याचा परिणाम टाऊला बांधलेला राहतो: टाऊ शून्याकडे गेला की परिणामालाही अरुंद मानेत शिरावं लागतं. राडफर्ड नील यांनी २००३ मध्ये दाखवलेलं नरसाळं ते हेच. मानेत सॅम्पलरची पावलं मोठी पडतात, ऊर्जा सांभाळली जात नाही, आणि स्टॅन तो ड्रॉ डायव्हर्जंट (भरकटलेला) म्हणून नोंदतो.

म्हणून जोडीचा आलेख द्या: आडव्या अक्षावर तालुक्याचा परिणाम, उभ्या अक्षावर टाऊचा लॉगरिदम. लॉग न घेता काढला तर मान तळाशी चेपून जाते आणि आलेख निरुपयोगी ठरतो. डायव्हर्जंट ड्रॉ शेवटी, सगळ्यांच्या वर, मोठ्या गडद खुणेने काढा. ४००० मध्ये १२ असतील तर बाकीच्यांखाली ते बुडता कामा नयेत. ते मानेशी दाटीने बसले असतील तर उपाय सॅम्पलरच्या बटणात नाही, मॉडेल लिहिण्याच्या पद्धतीत आहे. अ‍ॅडाप्ट-डेल्टा हा पावलं लहान करणारा पर्याय ०.८ वरून ०.९५ किंवा ०.९९ केला तर खुणा कमी होतात, पण साखळी मान टाळूनच चालत असू शकते.

खानापूरसारख्या कमी नोंदींच्या तालुक्याला नॉन-सेंटर्ड रूप (परिणाम थेट न लिहिता टाऊ गुणिले एक प्रमाणित चल असा लिहिणं) चांगलं. चिकोडीसारख्या भरपूर नोंदींच्या तालुक्याला तेच रूप उलट जाचक होतं, कारण तिथे आकडेवारीच परिणाम पक्का करते आणि मग प्रमाणित चल टाऊशी घट्ट बांधला जातो. म्हणून हा आलेख एकाच तालुक्याचा काढून भागत नाही. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त नोंदींचा असे दोन शेजारी डिफॉल्टने काढा. मॉडेलमध्ये तालुकागणिक रूप निवडता येईल अशी सोय केली तर आणखी बरं.

इथे जिल्ह्याचा एक तपशील आडवा येतो. चिकोडीतून निपाणी, अथणीतून कागवाड, गोकाकमधून मूडलगी आणि बैलहोंगलमधून कित्तूर असे तालुके नव्याने निघाले. जुन्या वर्षांत ते मूळ तालुक्यात मोजलेले, नव्या वर्षांत स्वतंत्र. त्यामुळे नव्या तालुक्यांकडे मोजकीच वर्षं असतात आणि सर्वांत वाईट ईएसएस बहुधा तिथेच दिसेल. आलेखात प्रत्येक चलाच्या लेबलापुढे नोंदींची संख्या लिहा. मग वाईट ठिपका आणि कमी नोंदी यांचं नातं बघणाऱ्याला विचारावं लागत नाही.

स्टॅनसारख्या हॅमिल्टोनियन सॅम्पलरसाठी आणखी दोन आलेख पुरतात. ऊर्जेचा: एकूण ऊर्जेचा पसारा आणि एका ड्रॉतून दुसऱ्यात जाताना होणाऱ्या बदलाचा पसारा एकावर एक. बदलाचा हिस्टोग्राम खूपच अरुंद असेल, म्हणजे या दोन पसाऱ्यांची तुलना करणारा ई-बीएफएमआय हा आकडा ०.३ च्या खाली, तर शेपट्या नीट धुंडाळल्या जात नाहीत. दुसरा ट्री-डेप्थचा (एका ड्रॉसाठी पावलं किती वेळा दुप्पट झाली), साधे खांब. डिफॉल्ट कमाल १० म्हणजे एका ड्रॉला १०२३ पावलांपर्यंत. बरेच ड्रॉ कमालीला टेकत असतील तर ती आधी वेळेची तक्रार आहे, बरोबर-चुकीची नंतर.

लेबलं आणि दोन लिप्या

तालुक्याचं नाव मॉडेलच्या आत नेऊ नका. आत फक्त संकेतांक, आणि चित्र काढताना संकेतांकावरून नाव शोधणारा तक्ता: एक स्तंभ मराठी, एक कन्नड. कारण असं की आर फॅक्टरच्या (वर्गवारीच्या चलाच्या) पायऱ्या वर्णक्रमाने लावतो आणि तो क्रम संगणकाच्या लोकेलवर (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर) ठरतो. एका लॅपटॉपवर फिट केलेलं मॉडेल दुसऱ्यावर उघडलं आणि पायऱ्या तिथे पुन्हा रचल्या गेल्या, की गोकाकच्या ट्रेसवर हुक्केरीचं नाव येतं. शिवाय मूळ नोंदींत 'अथणी' आणि 'अथनी' दोन्ही असतील तर मॉडेलला ते दोन तालुके वाटतात. संकेतांक देतानाच ते एक करा.

आता अक्षरं. आरचा नेहमीचा पीडीएफ डिव्हाइस देवनागरी किंवा कन्नड उमटवत नाही, चौकोन किंवा टिंबं येतात. काही डिव्हाइस अक्षरं काढतात पण जोडत नाहीत: 'चिकोडी'ची वेलांटी च च्या पुढे जाऊन बसते, 'रामदुर्ग'चा रफार सुटतो, 'सौंदत्ती'तला त्त फुटतो, आणि कन्नडची ओत्तक्षरं खाली न जाता शेजारी येतात. पीएनजीसाठी 'रॅग' पॅकेजचा डिव्हाइस वापरा; तो अक्षरजोडणी करतो आणि एका फॉन्टमध्ये अक्षर नसेल तर दुसऱ्यातून घेतो, म्हणून दोन्ही लिप्या एकाच लेबलात चालतात. नोटो सान्स देवनागरी आणि नोटो सान्स कन्नड हे दोन फॉन्ट संगणकावर असू द्या. पॅकेजच्या आत फॉन्ट कोंबू नका; फॉन्ट सापडला नाही तर संकेतांकच छापा आणि एक संदेश द्या.

अशा अहवालांच्या झेरॉक्स निघतात, तेव्हा चार साखळ्यांचे चार भडक रंग एकसारखे करडे होतात. फिकट ते गडद चढत जाणारी व्हिरिडिस रंगमालिका घ्या. रँक प्लॉटमध्ये साखळ्या वेगळ्या चौकटींत असल्याने तो काळ्या-पांढऱ्यातही तसाच वाचता येतो.

चाचण्या आणि पॅकेजमध्ये बसवणं

जीजीप्लॉट२ ला 'सजेस्ट्स'मध्ये (ऐच्छिक पॅकेजेसच्या यादीत) ठेवायचं की 'इम्पोर्ट्स'मध्ये (अनिवार्य यादीत)? आलेख हा पॅकेजचा गाभा नसेल तर 'सजेस्ट्स', आणि फंक्शनच्या सुरुवातीला ते बसवलेलं आहे का याची तपासणी. फिटच्या वर्गासाठी 'प्लॉट' मेथड लिहा, प्रकार निवडण्यासाठी एकच आर्ग्युमेंट, आणि जीजीप्लॉट वस्तूच परत द्या म्हणजे वापरणाऱ्याला शीर्षक, अक्ष बदलता येतात. शीर्षकाखाली तीन आकडे आपोआप यावेत: सर्वांत मोठा आर-हॅट, सर्वांत लहान ईएसएस, डायव्हर्जन्सची संख्या. 'अभिसरण झाले' असं मात्र कुठेही छापू नका. चारही साखळ्यांनी एकच शिखर पाहिलं आणि दुसरं पाहिलंच नाही, तर यातला एकही आलेख ते सांगू शकत नाही. त्यावर उपाय एवढाच की साखळ्यांचे आरंभबिंदू लांब-लांब असावेत. स्टॅन अमर्यादित मापावर −२ ते २ मधून ते निवडतो. तुम्ही वेग वाढवायला सगळ्या साखळ्या एकाच अंदाजापासून सुरू करत असाल तर ते बंद करा.

चाचण्यांसाठी मॉडेल चालवायची गरज नाही, मुद्दाम बिघडवलेल्या साखळ्या बनवा. स्वतंत्र सामान्य ड्रॉ: आर-हॅट १.०१ च्या खाली. एक साखळी अर्ध्या प्रमाण विचलनाने सरकवलेली: वर जायलाच हवा. सरासरी एकच पण एका साखळीचा पसारा तिप्पट: जुना आर-हॅट १.०० च्या आसपास राहतो, नवा पकडतो. तुमचा कोड कुठला आहे ते इथेच कळतं. कोशीच्या चार साखळ्या, एक सरकवलेली: तोच भेद. चारही साखळ्या एकसारख्या हळूहळू चढणाऱ्या: दुभंगल्याशिवाय सापडत नाहीत. आणि ईएसएससाठी ०.९ सहसंबंधाची पहिल्या दर्जाची स्वयंप्रतिगामी साखळी (प्रत्येक ड्रॉ आधीच्या ड्रॉवर बेतलेली), एकूण ४००० ड्रॉ. तिचं उत्तर कागदावर माहीत आहे: ४००० × ०.१ ÷ १.९, म्हणजे सुमारे २१०. सीड पक्का ठेवून १५० ते २८० च्या मध्ये आकडा आला तर चालेल. ९०० आला तर साखळ्या कुठेतरी कालवल्या गेल्या आहेत, घडीचा कोड पुन्हा उघडा. चित्रांच्या चाचण्यांत लेबलं संकेतांकांचीच ठेवा, नाहीतर ज्या संगणकावर फॉन्ट नाही तिथे त्या विनाकारण पडतात.

उदाहरणांत स्टॅन चालवू नका, कंपाइल व्हायलाच वेळ जातो आणि क्रॅनची (आर पॅकेजेसच्या भांडाराची) तपासणी अडते. आधी चालवलेल्या फिटचे ड्रॉ थोड्या चलांपुरते कापून पॅकेजच्या डेटामध्ये ठेवा. आणि दोन फिट ठेवा: एक सेंटर्ड रूपातला (परिणाम थेट लिहिलेला), डायव्हर्जन्स आणि वाईट टेल ईएसएससकट, दुसरा तीच आकडेवारी नॉन-सेंटर्ड रूपात. व्हिन्येटमध्ये (पॅकेजसोबतच्या सविस्तर लेखात) प्रत्येक आलेख या दोन्हींवर शेजारी शेजारी काढा आणि बिघडलेला डावीकडे, आधी येऊ द्या.